बडा ख्याल संपला म्हणून उठू नका

शास्त्रीय संगीताच्या मैफिलींबद्दल वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षं टिकून आहे. गायकानं अर्धा-पाऊण तास संथ लयीत गायलं, सगळे 'वा वा' म्हणाले, आपल्याला वाटलं राग संपला, म्हणून चहाला उठलो. परत आलो तर तोच राग चालू, फक्त पळता. मग मघाशी संपलं ते काय होतं? दुसरा प्रश्न अलीकडे वाढला आहे. मुलगा किंवा मुलगी मुंबईला नोकरीला असते, ती आईवडिलांना नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिंफनी ऐकायला नेते. पहिला तुकडा दणक्यात संपतो, आपण मनापासून टाळ्या वाजवतो आणि आजूबाजूचं सभागृह गप्प. चुकलो का?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. एक मोठी रचना अनेक भागांत विभागलेली असते आणि भाग संपला म्हणजे रचना संपली असं होत नाही. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या श्रोत्यांना हे समजून घेणं तुलनेनं सोपं जावं, कारण ख्यालाच्या दोन मोठ्या परंपरा मिरजेत नांदल्या आहेत आणि औंधला १९४० पासून संगीत महोत्सव भरतो. इथं जे कान तयार होतात, त्यांना सिंफनी परकी वाटण्याचं कारण नाही.

आधी हे ठरवा: आपण काय ऐकायला बसलो आहोत?

मैफिलीत बसताना 'एक गाणं' हे माप बाजूला ठेवा. ख्यालगायनात पूर्ण रचना म्हणजे एक राग. बडा ख्याल, छोटा ख्याल, कधी तराणा, हे त्या रागाचे टप्पे. सिंफनीत पूर्ण रचना म्हणजे ती सिंफनी, आणि तिच्या मूव्हमेंट्स म्हणजे तिचे भाग.

कीर्तनाला जाणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. पूर्वरंग संपतो, बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, नामाचा गजर होतो. तेवढ्यात कोणी 'कीर्तन झालं' म्हणून चपला शोधत नाही. आख्यान अजून यायचं असतं आणि पूर्वरंगात मांडलेला विचार त्यातच उलगडायचा असतो. ख्यालात आणि सिंफनीतही मधली जागा अशीच समजा.

ख्यालाचे टप्पे: कुठे काय ऐकाल

साधारण क्रम असा असतो.

- सुरुवातीची आलापी. तबला थांबलेला, फक्त तानपुरे आणि आवाज. कधी मिनिटभर, कधी पाच-सात मिनिटं. रागाचे मुख्य स्वर इथं कळतात.
- बडा ख्याल. विलंबित लय, एकताल (१२ मात्रा), तिलवाडा (१६) किंवा झुमरा (१४). आधी स्थायी, मग स्वरांची बढत, तार षड्ज गाठल्यावर अंतरा, नंतर बोलआलाप, सरगम, ताना.
- छोटा ख्याल. तोच राग, नवी बंदिश, मध्य किंवा द्रुत लय; बहुतेकदा त्रिताल (१६ मात्रा) किंवा द्रुत एकताल. इथं लयीचा खेळ आणि ताना जास्त.
- तराणा. असलाच तर शेवटी. शब्दांऐवजी 'तोम्', 'तनन', 'देरेना' यांसारखे बोल, वेग आणखी चढा.

हे सगळं मिळून एक राग. चांगल्या तयारीचा गायक यात सहज तास-सव्वा तास घेतो.

आता घराण्याघराण्यांतला फरक. तो माहीत नसेल तर हा क्रम पाठ असूनही गोंधळ होतो. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली. मिरजेत त्यांच्याकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, आणि औंधच्या महोत्सवाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते अंतूबुवा जोशीही त्यांचेच शिष्य. ग्वाल्हेर गायकीत विलंबित फार ओढलेलं नसतं. बंदिश पूर्ण मांडतात, स्थायी-अंतरा लवकर ऐकायला मिळतो, आणि लय हळूहळू चढत जाते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही गायकी जवळची वाटते, कारण रचनेचा सांगाडा स्पष्ट दिसतो.

दुसरी परंपरा किराण्याची. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले, त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेतच जन्मल्या, आणि खाँसाहेबांची कबर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरुसाच्या वेळी तिथं त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. किराण्यात एकेका स्वरावर मुक्काम असतो, आणि त्या घराण्यातल्या अनेकांचं विलंबित इतकं संथ असतं की एकतालाच्या एका आवर्तनाला पाऊण मिनिट, कधी मिनिटही लागतं. गांधारापर्यंत पोचायलाच दहा मिनिटं गेली तर गायक रेंगाळतोय असं समजू नका. ती बढतीची पद्धत आहे, आणि तिचं फळ तार षड्ज लागतो तेव्हा मिळतं. अर्ध्यात उठणाऱ्याला ते मिळत नाही.

तिसरी गोष्ट कोल्हापूरच्या बाजूची. अल्लादिया खाँ यांच्या जयपूर-अत्रौली गायकीत पुष्कळदा एकाच ख्यालात लय वाढवत राग पूर्ण होतो. स्वतंत्र छोटा ख्याल येईलच असं नाही. तेव्हा 'द्रुत राहिलं' म्हणून गायकाकडे फर्माईश करू नका, राग झालेला असू शकतो.

राग संपला की पुढचा भाग सुरू होणार? ओळखायच्या खुणा

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर रंगमंचाकडे नीट पाहिलं तर बहुतेक वेळा मिळतं.

पहिली खूण तानपुरा. पहिली तार बहुतेक रागांत पंचमात लावतात, मधल्या दोन जोडीच्या तारा षड्जात, शेवटची खर्जात. मालकंसासारख्या पंचम वर्ज्य असलेल्या रागात पहिली तार मध्यमात उतरवतात. मारवा-पूरियात बऱ्याचदा निषादात. त्यामुळे गायक थांबला आणि साथीदार तानपुऱ्याची पहिली तार नव्यानं लावू लागला, तर पुढे राग बदलणार हे नक्की समजा. तानपुरे तसेच झंकारत राहिले, गायकानं फक्त तबलजीकडे पाहून बोटांनी लय दाखवली, तर तोच राग पुढे चालू. दोन्ही राग पंचमाचे असतील तर ही खूण लागू पडत नाही, तेव्हा पुढच्या खुणेकडे वळा. मिरजेत सतारमेकरांच्या पिढ्यान्पिढ्या हे वाद्य घडवत आल्या आहेत, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागातल्या श्रोत्यांनी तानपुऱ्याकडे कान देऊन ऐकावं, असं मला मनापासून वाटतं. बहुतेक श्रोते त्याला पार्श्वभूमी समजून सोडून देतात.

दुसरी खूण म्हणजे गायकानं बोलणं. नवा राग घेण्याआधी बरेच कलाकार रागाचं आणि तालाचं नाव सांगतात. बडा ख्याल आणि छोटा ख्याल यांच्यामध्ये सहसा काही बोलत नाहीत.

तिसरी खूण भैरवी. भैरवी झाली की मैफल संपली. त्याआधी नाट्यपद, ठुमरी, अभंग येऊ शकतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, देवल-खाडिलकरांची नाटकं पुढे आली, त्या भागात रागानंतर नाट्यपदाची फर्माईश होणं स्वाभाविकच आहे. ती फर्माईश राग पूर्ण झाल्यावर करा. मधे चिठ्ठी पाठवू नका.

सम सापडली की रचना सापडते

बाकी शास्त्र राहू द्या, एवढं एक शिका. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथं गायक आणि तबला भेटतात. बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिच्या पहिल्या ओळीचा सुरुवातीचा तुकडा, दर आवर्तनाला समेवर येऊन टेकतो.

विलंबित एकतालाचा ठेका असा: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, कत्, ता, धागे, तिरकिट, धिं, ना. यात 'तिरकिट' दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर 'तू ना' येतं, दुसऱ्या तिरकिटनंतर 'धिं ना' आणि लगेच सम. म्हणून 'कत्'चा कोरडा आघात ऐकला की सावध व्हा. त्यानंतरचं तिरकिट म्हणजे सम जवळ आली. त्रितालात आठ मात्रांनंतर डग्ग्याचा घुमारा थांबतो, ती खाली. घुमारा परतला की पुढे सम.

पहिल्या दिवशी दोन-तीन आवर्तनं सापडली तरी पुरे. मांडीवर बोटं मोजत बसण्यात गाणं निसटणार असेल तर मोजणं सोडा आणि मुखडा ओळखा, कारण तो कानाला लवकर सापडतो.

वाद्यवादन असेल तर

सतार, सरोद, बासरीच्या मैफिलीत तबलजी बराच वेळ हात बांधून बसलेला दिसतो. कार्यक्रम अजून सुरूच झाला नाही असं समजून लोक गप्पा मारतात, हे फार वाईट होतं. त्या वेळी आलाप, जोड आणि झाला चालू असतो: आधी लयीच्या बंधनाशिवाय, मग आतून लय धरून, मग वेगानं. तबला त्यानंतर गतीला येतो. विलंबित गत, द्रुत गत, शेवटी पुन्हा झाला. धृपदातही आधी नोम-तोम आलाप आणि मग पखवाज, हाच क्रम.

वेळ पाहून या

रागांना प्रहर आहेत. संध्याकाळी मारवा, पूरिया धनाश्री, मग यमन. रात्री बागेश्री, मालकंस, दरबारी. पहाटे ललत, भैरव. पूर्वी रात्रभर चालणाऱ्या मैफिलीत हा सगळा प्रवास एका बैठकीत व्हायचा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार बंदिस्त सभागृहं वगळता रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावता येत नाही; राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. त्यामुळे मोकळ्या जागेतल्या कार्यक्रमांत पहाटेचे राग ऐकायचे असतील तर सकाळचं सत्र गाठावं लागतं, आणि शेवटच्या कलाकाराचा राग पुष्कळदा आवरता घेतला जातो. राग पूर्ण विस्तारानं ऐकायचा असेल तर माझा सल्ला असा की शेवटच्या नामवंतासाठी थांबून राहण्यापेक्षा मधल्या कलाकाराला वेळेवर येऊन बसा. त्याच्याकडे वेळ असतो.

आता सिंफनीकडे

ख्यालात राग तोच राहतो, लय आणि बंदिश बदलते. सिंफनीत तसं नसतं. प्रत्येक मूव्हमेंटचा वेग वेगळा असतोच, शिवाय धून वेगळी, आणि दुसऱ्या भागाचा मुख्य स्वरही बहुतेकदा वेगळा. दुसरा मोठा फरक म्हणजे तिथं सगळं लिहिलेलं असतं. कोणता भाग किती मिनिटांचा हे आधीच सांगता येतं, आणि हे तुमच्या सोयीचं आहे.

हायडन आणि मोझार्ट यांच्या काळात, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चार भागांचा साचा पक्का झाला.

- पहिला भाग, जलद. दोन धुना मांडल्या जातात, मग त्या मोडून, फिरवून दूरच्या स्वरांत नेल्या जातात, शेवटी मूळ स्वरात परत आणल्या जातात. जुन्या रचनांत सुरुवातीची मांडणी पुष्कळदा दोनदा वाजते. 'पुन्हा पहिल्यापासून का लागलं?' असं वाटलं तर ते हेच.
- दुसरा भाग, संथ. गाण्यासारखा. आपल्या कानाला हा भाग बहुधा सर्वांत आधी आवडतो.
- तिसरा भाग, नाचाचा. एक-दोन-तीन असा ठेका. आधी त्याला मिन्युएट म्हणत, बेथोव्हेननं त्याचा वेग वाढवून स्कर्झो केला.
- चौथा भाग, पुन्हा जलद. समारोप.

कार्यक्रमपत्रिकेत या भागांची नावं म्हणजे बहुतेकदा इटालियन भाषेतली लयीची नावं असतात. अलेग्रो म्हणजे जलद, आंदान्ते म्हणजे चालत्या गतीनं, अदाजिओ आणि लार्गो म्हणजे संथ, प्रेस्तो म्हणजे अतिजलद. एवढे शब्द पुरतात.

मुंबईत हे ऐकण्याची मुख्य जागा म्हणजे एनसीपीएचं जमशेद भाभा थिएटर. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये तिथंच सुरू झाला. त्याचे कार्यक्रम साधारणपणे वर्षातून दोन हंगामांत होतात, संकेतस्थळावर पाहूनच बेत करा. संध्याकाळची रचना बहुतेकदा अशी असते: आधी एक छोटी रचना, मग एका वादकाला पुढे ठेवून वाजवलेला कन्चेर्टो (तो साधारण तीन भागांचा), मध्यंतर, आणि मग सिंफनी. म्हणजे ज्यासाठी तुम्ही आलात ती सिंफनी शेवटी आहे. मिरज, सांगली, कऱ्हाड, साताऱ्याहून जाणाऱ्यांनी परतीच्या गाडीचं तिकीट काढताना हे लक्षात ठेवा. तिसऱ्या भागानंतर उठून स्टेशन गाठावं लागलं तर सगळा खटाटोप वाया गेला. जमल्यास मुक्काम करा.

साचा मोडणाऱ्या रचना

चार भाग पाठ करून गेलात तरी काही प्रसिद्ध रचना फसवतात. या आधी माहीत असाव्यात.

बेथोव्हेनची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिचा तिसरा भाग थांबतच नाही. आवाज अगदी खाली जातो, टिंपनीचा ठोका दबक्या आवाजात चालू राहतो आणि तिथून थेट चौथा भाग उसळतो. तुम्ही भाग मोजत बसला असाल तर इथं मोजणी चुकेल. पहिल्या भागात आलेला चार आघातांचा तुकडा तिसऱ्या भागात वेगळ्या रूपात परत येतो, तोही ऐका. भाग वेगळे असले तरी धागा एक आहे याचा इतका उघड पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो. त्याच कार्यक्रमात वाजलेल्या सहाव्या सिंफनीला पाच भाग आहेत आणि शेवटचे तीन जोडलेले आहेत.

शूबर्टच्या 'अपूर्ण' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सिंफनीचे दोनच भाग वाजवतात. सिबेलियसची सातवी एकाच भागाची आहे. मालरच्या तिसऱ्या सिंफनीला सहा भाग आहेत आणि ती दीड तासाहून अधिक चालते, पहिल्यांदा जाणाऱ्यानं ती निवडू नये.

सर्वांत मोठा चकवा चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिंफनीचा. ती १८९३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झाली आणि नऊ दिवसांनी चायकोव्हस्की गेला. तिचा तिसरा भाग इतक्या जल्लोषात संपतो की जगभरात अनुभवी श्रोतेही तिथं टाळ्या वाजवतात. खरा शेवट त्यानंतर आहे, अतिशय संथ, हळूहळू विझत जाणारा. त्या टाळ्यांनंतर तो भाग सुरू झाला की त्याच्या पहिल्या काही क्षणांची वेदना हरवते. ही एक सिंफनी ऐकायला जाणार असाल तर एवढं आधी समजून जा.

टाळी, दाद आणि शांतता

इथं दोन्ही परंपरांचे संकेत जवळजवळ उलटे आहेत.

ख्यालाच्या मैफिलीत:
- समेवर सुंदर आलं, तिहाई चपखल बसली की 'वा', 'क्या बात है' म्हणणं योग्यच. गायकाला त्याची गरज असते.
- बडा ख्याल संपल्यावर लगेच छोटा ख्याल उचलला गेला तर जोराच्या टाळ्यांनी तो झाकू नका.
- उठायचंच असेल तर राग पूर्ण झाल्यावर, तानपुरे लागत असताना उठा.

सिंफनीत:
- भागांच्या मध्ये शांत बसा. खोकायचं असेल तर ती जागा त्यासाठीच आहे.
- वाद्यवृंदाच्या संचालकाची पाठ तुमच्याकडे आहे आणि हात वर आहेत तोवर रचना संपलेली नाही. तो हात खाली सोडून प्रेक्षकांकडे वळला की टाळी.
- खात्री नसेल तर इतरांनी सुरुवात केल्यावर वाजवा.
- उशीर झाला तर वादन योग्य ठिकाणी थांबेपर्यंत दार बहुधा उघडत नाही. आधी पोचा.

आणि मधेच टाळी पडली तर अपराधी वाटून घेऊ नका. भागांच्या मध्ये शांत बसण्याचा संकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर हळूहळू रूढ झाला. मोझार्टनं १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना कळवलं होतं की लोकांनी सिंफनीचा पहिला भाग चालू असतानाच टाळ्या दिल्या, आणि त्याला त्याचा आनंद झाला होता. बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग १८१३ मधल्या पहिल्या प्रयोगात श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. आज संकेत वेगळा आहे म्हणून तो पाळायचा, इतकंच.

घरी ऐकून जा

तयारीसाठी मी हा क्रम सुचवतो.

१. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या ध्वनिमुद्रिका. एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं. त्यांच्या झिंझोटी आणि भैरवीतल्या ठुमऱ्या सहज मिळतात. थोडक्यात मांडलेलं किती पूर्ण असू शकतं हे कळेल.

२. त्यानंतर एकाच रागाचं बडा ख्याल-छोटा ख्याल असं संपूर्ण ध्वनिमुद्रण, एका बैठकीत. यमन किंवा भीमपलास निवडा.

३. सिंफनीत आधी मोझार्टची चाळिसावी, मग बेथोव्हेनची पाचवी, मग ड्वोर्झाकची नववी. शेवटच्या रचनेचा दुसरा भाग, लार्गो, आपल्याकडच्या श्रोत्याला पहिल्याच ऐकण्यात धरतो, आणि तिच्या चौथ्या भागात आधीच्या भागांतल्या धुना परत येतात.

मोबाइलवर ऐकताना एक खबरदारी हवी. अ‍ॅपवर सिंफनीचे भाग वेगवेगळे ट्रॅक म्हणून दिलेले असतात, बडा आणि छोटा ख्यालही. 'शफल' चालू राहिलं तर चौथा भाग आधी आणि पहिला नंतर लागतो. फुकटच्या सेवेत भागांच्या मधे जाहिरात येते, आणि बेथोव्हेनच्या पाचवीतला तो जोड नेमका तिथंच तुटतो. संपूर्ण रचना एकाच फायलीत असलेलं ध्वनिमुद्रण शोधा.

रेकॉर्डिंग आणि तिकीट: तुमचे हक्क, तुमच्या मर्यादा

मैफिलीत मोबाइल वर धरणाऱ्यांना काय चालतं आणि काय नाही, याबद्दल बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. फक्त स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अध्यापन-संशोधनासाठी केलेलं ध्वनिमुद्रण त्या हक्काचा भंग ठरत नाही. ते संमतीशिवाय यूट्यूबवर टाकणं किंवा थेट प्रक्षेपित करणं मात्र भंग ठरतं. शिवाय आयोजकांनी रेकॉर्डिंगला मनाई केली असेल तर ती पाळावी लागते. संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी कलाकाराला किंवा आयोजकांना आधी विचारावं. विचारणाऱ्याला नकार क्वचित मिळतो.

पैसे देऊन तिकीट काढलं असेल तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तुम्ही ग्राहक आहात. कार्यक्रम रद्द झाला आणि पैसे परत मिळत नसतील, तर तिकीट, जाहिरात आणि पैसे भरल्याचा पुरावा जपून ठेवा, आयोजकांना लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथं सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कलाकारानं राग लवकर आटोपला किंवा फर्माईश मानली नाही, हे तक्रारीचं कारण होत नाही. तो त्याचा अधिकार आहे.

मुलं आणि ज्येष्ठ

गुडघे दुखणाऱ्यांनी भारतीय बैठक सोसत बसू नये. आयोजकांना आधी कळवून खुर्ची मागा आणि मागच्या किंवा कडेच्या जागी बसा. बडा ख्याल ऐकताना शरीराची तक्रार असेल तर बढत ऐकू येत नाही.

मुलांच्या बाबतीत बहुतेक पालक उलटं करतात. मूल कंटाळेल म्हणून फक्त छोट्या ख्यालाला आत आणतात. त्यानं मुलाला वेग कळतो, पण तो वेग कुठून आला हे कळत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांनाही बडा ख्याल अभ्यासक्रमातला एक धडा वाटत राहतो, तो याच कारणानं. दार आणि रंगमंच दोन्ही दिसतील अशी कडेची जागा घ्या, मुलाला सम दाखवा, आणि एक राग आलापापासून शेवटापर्यंत ऐकवा. त्यानंतर घरी जायचं असेल तर जा. औंधला साधारण ऑक्टोबरात आणि मिरजेला उरुसात ही संधी दर वर्षी घराजवळ येते. या वर्षी ती घ्या.